‘केलं’ म्हणजे काय काय केलं?

वडिलांच्या तेराव्याला आमच्या सातारा जिल्ह्यातल्या घरी आलेला जवळजवळ प्रत्येक माणूस एकच वाक्य बोलून गेला. ‘सुनेनं फार केलं हो त्यांचं.’ वहिनी तेव्हा स्वयंपाकघरात केळीची पानं पुसत होती. उजव्या मनगटाला क्रेप बँडेज गुंडाळलेलं, कारण सत्तर किलोचा माणूस साडेपाच वर्षं कुशीवर वळवून वळवून ते मनगट कामातून गेलं होतं. लोक बोलत होते ते मनापासून बोलत होते. पण ‘फार केलं’ यात काय काय आलं, हे कोणी विचारलं नाही. मी तर त्या माणसाची मुलगी. मीही ते कधी नीट विचारलं नव्हतं.

‘करणं’ हे क्रियापद अशा वेळी आपण कर्माशिवाय वापरतो. ‘तिनं सासूचं शेवटपर्यंत केलं.’ ‘मुलगा तिकडे न्यू जर्सीला, लेकीनंच आईचं केलं.’ ‘त्यांचं करायला आता कोणी नाही.’ काय केलं, ते गिळून टाकलेलं असतं. आमची आजी स्पष्ट बोलायची, ‘हगलं-मुतलं काढलं’ म्हणायची. आपण सभ्य झालो आणि कर्म गाळलं. कर्म गेल्यावर मोजायला काही उरलं नाही. माझं सगळं म्हणणं याच्याशी जोडलेलं आहे. घरातल्या आजारी, अपंग, अतिवृद्ध माणसाचं करणं हे काम आहे. त्यात कौशल्य लागतं, ताकद लागते, तास लागतात, आणि ते करणाऱ्याचं शरीर झिजतं. या कामाला समाजाने आजवर फक्त कौतुक दिलं. त्याला सर्वांत आधी उसंत मिळायला हवी, आणि ती हक्काची हवी.

वडिलांना २०१६ साली गणपतीच्या दिवसांत अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, समज मात्र शाबूत. पहिले आठ महिने नाकातून नळी. डिस्चार्जच्या दिवशी वॉर्डच्या दारात एका सिस्टरनं वहिनीला दहा मिनिटांत सगळं दाखवलं: नळीतून पातळ अन्न कसं सोडायचं, आधी डोक्याकडची बाजू किती उंच करायची, शेवटी पाणी सोडून नळी कशी धुवायची. मग फाइल, औषधांची यादी, बिल, आणि ‘घरी न्या, सेवा करा, बाकी देवाच्या हातात’. पलंगावरून खुर्चीत माणूस कसा न्यायचा, हे त्या दहा मिनिटांत नव्हतं. दर दोन तासांनी कूस बदलायची हे सांगितलं होतं, पण एअर बेड घेतला की ते लागत नाही असं दुकानदार म्हणाला आणि आम्ही विश्वास ठेवला. तिसऱ्या आठवड्यात माकडहाडावर जखम झाली. ती भरायला पाच महिने गेले.

दर दोन तासांनी म्हणजे दिवसाला बारा वेळा, वर्षाला ४,३८० वेळा. रात्रीच्या चार-पाच वेळा सोडून दिल्या, कधी भावानं उठून केलं असं धरलं, तरी वहिनीच्या वाट्याला वर्षाला अडीच हजारांच्या आसपास वेळा आलं. त्यात डायपर, लघवीची पिशवी, तोंडाची स्वच्छता, चार दिवस पोट साफ झालं नाही की एनिमा, फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम, आणि बोलता न येणाऱ्या माणसाच्या डोळ्यांवरून त्याला काय हवंय ते ओळखणं. हे शेवटचं काम सगळ्यांत अवघड होतं आणि ते फक्त तिलाच जमायचं. वडील डाव्या हाताची दोन बोटं गादीवर आपटायचे. एकदा आपटली की पाणी, दोनदा की कूस, आणि सलग आपटत राहिले की भीती वाटतेय. ही भाषा त्या दोघांनीच तयार केली होती.

वहिनी एका पतसंस्थेत अकरा वर्षं क्लार्क होती. तीन महिने बिनपगारी रजा मिळाली, मग राजीनामा. भावाचा पगार जास्त म्हणून तिनं सोडायचं, हे घरात कोणी ठरवलंही नाही, ते आपोआप झालं. मी पुण्याहून शनिवार-रविवार जायचे. दोन दिवस येणाऱ्या मुलीचं गावात भारी कौतुक व्हायचं, आणि सातही दिवस करणाऱ्या सुनेचं कर्तव्य समजलं जायचं. एका शनिवारी मी तिला म्हटलं, आज तू बाहेर जा, बहिणीकडे जा, सिनेमाला जा, मी आहे. ती शेजारच्या खोलीत गेली आणि सात तास झोपली. संध्याकाळी उठून म्हणाली, ‘ताई, मला कुठं जायचं नव्हतं. कान बंद करून झोपायचं होतं.’

उसंत म्हणजे मला काय म्हणायचं आहे ते या वाक्यात आहे.

सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात १५ ते ५९ वयोगटातल्या ४१ टक्के स्त्रिया घरातल्या माणसांची काळजी घेण्याच्या कामात दिसतात आणि त्यात दिवसाला साधारण १४० मिनिटं घालवतात. पुरुषांमध्ये हे प्रमाण २१.४ टक्के, आणि वेळ ७४ मिनिटं. यात लहान मुलांचं करणंही आलं. असं सर्वेक्षण आपल्याकडे होतं याचं मला मोल वाटतं. देशभराचं पहिलं २०१९ चं, हे दुसरं. पण भाजी चिरताना कान पलीकडच्या खोलीत लावून बसणं कोणत्या रकान्यात लिहायचं? दार उघडं राहिलं तर डिमेन्शिया झालेले सासरे रस्त्यावर जातील म्हणून दिवसभर कडीकडे लक्ष ठेवणं, झोपताना गॅसचा रेग्युलेटर काढून उशाशी घेणं, याला किती मिनिटं लागली असं विचारलं तर कोणती बाई उत्तर देऊ शकेल? भारतात साठीपुढच्या लोकांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे ८८ लाख माणसं डिमेन्शियाने ग्रासलेली आहेत, असा अंदाज देशातल्या मोठ्या अभ्यासातून पुढे आला आहे. प्रत्येकामागे एक तरी माणूस असा कडीकडे लक्ष ठेवून जगतो आहे. महाराष्ट्रात तर २०११ च्या जनगणनेतच साठीपुढची लोकसंख्या ९.९ टक्के होती, देशाच्या ८.६ टक्क्यांपेक्षा जास्त. तेव्हा साठीत असलेले आज पंचाहत्तरीच्या आसपास आहेत.

शहरातल्या मध्यमवर्गाकडे निदान एक वाट असते. ब्यूरोला फोन करायचा आणि ‘मावशी’ ठेवायची. माझ्या माहितीतल्या घरांत चोवीस तासांच्या माणसाला महिन्याला पंचवीस-तीस हजार रुपये जातात. ज्या घरात एकच पगार आहे तिथे हा पर्यायच नाही. आणि त्या मावशीच्या स्वतःच्या घरी कोणाचं करायला कोण आहे, तिला आठवड्याची सुट्टी मिळते का, हे विचारायची आपल्याला सवय नाही. राज्यात २००८ पासून घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा आहे, पण एका घरातली बाई सुटावी म्हणून दुसऱ्या घरातली अडकवायची, हा उपाय मला मान्य नाही.

गावाकडे हे वेगळ्या तऱ्हेनं घडतं. बीडकडून ऊसतोडीला जाणाऱ्यांमध्ये ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळते ती जोडीला. घरात सासू खाटेला खिळली आणि सुनेला मागे राहावं लागलं, तर बाईची मजुरी बुडते आणि कोयता अर्धाच राहिल्यामुळे अख्ख्या जोडीची उचल धोक्यात येते. म्हणून मग दहा-बारा वर्षांची नात आजीजवळ ठेवतात. तिची शाळा दसऱ्यानंतर सुटते ती उन्हाळ्यापर्यंत. या मुलीला आपण शाळाबाह्य मूल म्हणतो. ती एका रुग्णाची शुश्रूषा करते आहे, हे कुठल्याच नोंदीत येत नाही.

पुरुष करणारे असतात, आणि त्यांचं एकटेपण वेगळं असतं. बायकोचं करणाऱ्या नवऱ्याला सरकारी दवाखान्याच्या स्त्रियांच्या वॉर्डात थांबू देत नाहीत. आईला न्हाऊ घालणाऱ्या अविवाहित मुलाकडे शेजारी चमत्कारिक नजरेनं पाहतात. त्यांच्यासाठी तर ‘फार केलं’ एवढं वाक्यही पुष्कळदा निघत नाही.

आता कायद्याकडे बघू. आपल्या कायद्यांना हा माणूस दिसत नाही असं नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये काळजी घेणाऱ्याची व्याख्या आहे, आणि तिच्यात आई-वडील व कुटुंबीय, मोबदला घेऊन किंवा न घेता, असं स्पष्ट म्हटलं आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्येही अशीच व्याख्या आहे. दिव्यांग कायद्याच्या २४ व्या कलमात जास्त आधाराची गरज असलेल्या व्यक्तींसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेखसुद्धा आहे, पण तो राज्याच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. केरळने २०१० पासून ‘आश्वासकिरणम्’ नावाची योजना चालवली. खाटेला खिळलेल्या आणि गंभीर अपंगत्व असलेल्या व्यक्तीचं पूर्णवेळ करणाऱ्याला दरमहा ६०० रुपये. रक्कम फारच तुटपुंजी आहे, पण सरकारी कागदावर त्या माणसाचं स्वतःचं नाव लिहिलं गेलं. आपल्या राज्यात वृद्धांना निवृत्तिवेतन देणाऱ्या योजनेचं नाव ‘श्रावणबाळ’. नाव आई-वडिलांची कावड खांद्यावर वाहणाऱ्या मुलाचं ठेवलं, आणि योजनेत त्या कावड वाहणाऱ्यासाठी काहीच ठेवलं नाही. वृद्धांचे पैसे कमी करा असं मी म्हणत नाही, ते वाढलेच पाहिजेत. पण नाव ठेवताना श्रावण आठवला होता, तर तरतूद करतानाही आठवायला हवा होता.

आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात त्यांना टाकून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे. असा कायदा हवाच. पण जो टाकून देत नाही, रात्रंदिवस करतो, त्याच्याकडे हा कायदा एकदाही वळून बघत नाही. आपण कर्तव्याच्या फक्त एका टोकाला पहारा बसवला आहे.

किंमत काढता येत नाही, असं कोणी म्हणेल. काढता येते. हरियाणातल्या एका मुलीचा बाराव्या वर्षी अपघात झाला आणि ती आयुष्यभरासाठी पूर्णपणे परावलंबी झाली. फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिची भरपाई ठरवताना तिच्याजवळ चोवीस तास माणूस लागेल हे धरलं. बारा-बारा तासांची दोन माणसं, प्रत्येकी महिन्याला ५,००० रुपये, आणि त्याला अठराचा गुणक लावून २१ लाख ६० हजार रुपये फक्त परिचारकाच्या खर्चापोटी दिले. दर कमी वाटतील, पण पद्धत बघा. देणारी विमा कंपनी असेल तर न्यायालय पाळ्या मोजतं, महिने मोजतं, वर्षं मोजतं. तीच मुलगी अपघाताऐवजी जन्मतः तशी असती, तर तिच्या आईच्या त्याच दोन पाळ्यांची किंमत शून्य.

अशीच विसंगती आरोग्य योजनांत आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. सत्तरीपुढच्यांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून केंद्राचं वय वंदना कार्ड आलं, तेही ५ लाखांचं. दोन्ही चांगल्या योजना आहेत, अनेकांचे जीव त्यांनी वाचवले. पण पैसा मिळतो तो माणूस रुग्णालयाच्या पलंगावर असेपर्यंत. पक्षाघातात पहिले पंधरा दिवस रुग्णालयात जातात आणि पुढची पाच-दहा वर्षं घरात. पंधरा दिवसांसाठी लाखो रुपये आणि दहा वर्षांसाठी एक सिस्टर दहा मिनिटं. वडिलांच्या जखमेत जंतुसंसर्ग झाला तेव्हा त्यांना पुन्हा दाखल करावं लागलं. त्या एका खेपेच्या बिलात गावातल्या एखाद्या प्रशिक्षित बाईला वर्षभर आठवड्यातून दोनदा आमच्या घरी पाठवता आलं असतं, आणि मग जखमही झाली नसती.

या विषयावर बोललं की दोन आक्षेप लगेच येतात. पहिला संस्कृतीचा. आई-वडिलांची सेवा हा धर्म, त्यात सरकार कशाला, पैसा आला की माया जाते. ज्यांच्या तोंडून हे येतं त्यांच्यापैकी बहुतेकांनी स्वतः खूप केलेलं असतं, म्हणून मी हा आक्षेप हलक्यात घेत नाही. मला पुंडलिकाची गोष्ट आठवते. साक्षात विठ्ठल दारात आला आणि पुंडलिकाने त्याला वीट टाकून थांबायला सांगितलं, कारण हातातली सेवा टाकून उठता येत नव्हतं. ज्यानं कोणाला नळीतून भरवलं आहे त्याला हे लगेच कळतं. मध्येच उठता येतच नाही. आणि देव रागावला नाही, थांबला. करणाऱ्या माणसाच्या वेळेला किंमत आहे हे त्या गोष्टीत देवाने मान्य केलं आहे. महाराष्ट्र आषाढी-कार्तिकीला ज्या विटेवरच्या मूर्तीकडे धावतो तिच्या मुळाशी हे आहे. तिथे मायेच्या विरोधात काय आहे? उलट मी पाहिलं ते असं की माया आटते ती थकव्याने. चौथ्या वर्षी वहिनी एकदा वडिलांवर ओरडली, हात झटकला, आणि मग दिवसभर रडली. वडील तीन दिवस बोटं आपटत नव्हते. त्या दिवशी तिच्यात प्रेम कमी नव्हतं. त्या आठवड्यात ती एका रात्रीही सलग तीन तास झोपली नव्हती.

दुसरा आक्षेप पैशाचा आणि लबाडीचा. खोटे अर्ज येतील, तिजोरी रिकामी होईल. राज्य जुलै २०२४ पासून ‘लाडकी बहीण’ योजनेत दरमहा १,५०० रुपये कोट्यवधी बायकांच्या खात्यात जमा करतं आहे, त्यामुळे पोहोचवण्याची यंत्रणा नाही असं म्हणता येणार नाही. आणि खाटेला खिळलेलं माणूस लपवता किंवा बनवता येत नाही, गावात सगळ्यांना माहीत असतं.

तरी मी पहिली मागणी रोख पैशांची करणार नाही. याचं कारण मला जपानच्या अनुभवातून पटलं. जर्मनीने १९९५ साली दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा सुरू केला तेव्हा घरच्यांनी करायचं ठरवलं तर रोख रक्कम घेण्याची मुभा ठेवली, आणि करणाऱ्याच्या निवृत्तिवेतनातही वर्गणी भरण्याची सोय केली. जपानने २००० साली असाच विमा आणला, चाळिशीपुढच्या प्रत्येकाकडून वर्गणी घेऊन. पण तिथे स्त्रियांच्या चळवळीने रोख रकमेला विरोध केला. त्यांचं म्हणणं असं की घरात पैसे आले तर ते कुटुंबाच्या हातात जातील आणि सून मात्र पलंगाशी जास्तच घट्ट बांधली जाईल. म्हणून जपानने सेवा दिली: घरी येणारी माणसं, दिवसभराची केंद्रं, थोड्या दिवसांचा मुक्काम. आपल्या घरांची रचना जर्मनीपेक्षा जपानच्या त्या सुनेला जवळची आहे. वहिनीच्या खात्यात महिन्याला दोन हजार आले असते तर ते औषधांत गेले असते, आणि वर ‘आता तर सरकार पैसेही देतं’ हे ऐकावं लागलं असतं. तिला हवा होता दार उघडून आत येणारा दुसरा शिकलेला हात.

म्हणून माझी मागणी अशी. ज्या घरात खाटेला खिळलेली, डिमेन्शियाची किंवा जास्त आधाराची गरज असलेली व्यक्ती आहे, त्या घराला आठवड्यातून किमान आठ तास प्रशिक्षित बदली माणूस मिळावा, आणि तो उपकार म्हणून नव्हे. वर्षातून पंधरा दिवस रुग्णाला उपजिल्हा रुग्णालयात किंवा ग्रामीण रुग्णालयात ठेवता यावं, ‘आजार काय’ असं न विचारता. करणाऱ्या बाईचं ऑपरेशन असतं, मुलीचं लग्न असतं, किंवा ती नुसती दमलेली असते. एवढं कारण पुरे. मतिमंद आणि बहुविकलांग व्यक्तींसाठी राष्ट्रीय न्यासाने काही ठिकाणी अशा तात्पुरत्या मुक्कामाची कल्पना राबवली आहे, म्हणजे ती नवी नाही. केरळने २००८ साली वेदनाशामक व परिहार सेवेचं धोरण आणलं आणि पंचायतीच्या पातळीवर परिचारिका घरोघर जाऊ लागल्या. महाराष्ट्रानेही असं धोरण २०१२ साली स्वीकारलं. आमच्या दारात त्या साडेपाच वर्षांत कोणी आलं नाही.

दुसरी गोष्ट डिस्चार्जची. रुग्णालयात असतानाच करणाऱ्या व्यक्तीला तीन-चार दिवस हाताने करायला लावून शिकवणं हा उपचाराचाच भाग मानला जावा, आणि ते झाल्याची नोंद नसेल तर डिस्चार्ज पूर्ण धरू नये. कूस बदलणं, उचलणं, भरवणं, जखम ओळखणं. तीन-चार दिवसांचं हे शिक्षण पुढची काही वर्षं वाचवतं, रुग्णाचीही आणि वहिनीच्या मनगटाचीही.

नोकरीबद्दल थोडक्यात. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना बालसंगोपनासाठी ७३० दिवसांची रजा आहे. म्हाताऱ्या आई-वडिलांसाठी तशी वेगळी रजा नाही. २०२५ साली संसदेत विचारलं तेव्हा उत्तर आलं की वर्षाची ३० दिवसांची अर्जित रजा या कामासाठीही घेता येते. म्हणजे आहे तीच रजा. जपानमध्ये घरातल्या एका आजारी व्यक्तीसाठी ९३ दिवसांची रजा कायद्याने मिळते, तुकड्यांत घेता येते. वहिनीला तशी, तुकड्यांत घेता येणारी हक्काची रजा मिळाली असती तर पहिल्या धक्क्यातून सावरून दुसरी काही व्यवस्था लावता आली असती, आणि अकरा वर्षांची नोकरी, तिच्यासोबत पुढचा भविष्य निर्वाह निधी, हातचा गेला नसता. आयकरात परावलंबी दिव्यांग व्यक्तीसाठी ७५,००० किंवा १,२५,००० रुपयांची वजावट आहे, पण ती जुन्या करप्रणालीत, आणि जो कर भरतो त्यालाच. ज्या बाईचं उत्पन्नच या कामामुळे बंद झालं तिला तिचा उपयोग नाही.

करणाऱ्यांनी एकमेकांना धरून ठेवण्याचं काम महाराष्ट्रात काही स्वमदत गटांनी फार आधी सुरू केलं, त्याची नोंद घ्यायलाच हवी. पुण्यातल्या पार्किन्सन्स मित्रमंडळासारख्या गटांत रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि त्याचं करणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात. पहिल्यांदा ऐकला तेव्हा हा शब्द मला जरा सजवल्यासारखा वाटला होता. मग लक्षात आलं की आपल्याकडे दुसरा शब्दच नाही. ‘काळजीवाहू’ म्हटलं की डोळ्यांपुढे निवडणुकीआधीचं सरकार येतं. या लोकांनी गाळलेल्या कर्त्याला निदान नाव दिलं. अशा बैठकीत एखादी शुभंकर बाई म्हणते, ‘मला कधी कधी वाटतं, हे लवकर संपावं,’ आणि समोरचे पंधराजण मान डोलावतात, कोणी दचकत नाही. ते वाक्य वहिनीला कुठेच बोलता आलं नाही. आमच्या गावापासून असा सर्वांत जवळचा गट दोन-अडीच तासांवर होता, आणि तिथे जायला तिला आधी उसंत हवी होती.

गेल्या वर्षी आमच्या गावच्या आशाताई फॉर्म भरायला घरी आल्या. सीबॅक म्हणतात त्याला, आरोग्याच्या प्राथमिक चाचपणीचा फॉर्म. तिशीपुढच्या प्रत्येकाचा भरतात. साठीपुढच्यांसाठी त्यात एक प्रश्न असतो: जेवणं, कपडे घालणं, अंघोळ, चालणं, संडासला जाणं यासाठी दुसऱ्याची मदत लागते का? किती योग्य प्रश्न आहे. पण ‘हो’ असं उत्तर आलं की फॉर्म पुढच्या ओळीवर जातो. ती मदत कोण करतं, त्या माणसाचं वय काय, त्याची पाठ कशी आहे, तो रात्री किती झोपतो, हे त्यात विचारलेलं नाही. मी आशाताईंना म्हटलं, एवढं एक तुमच्या वहीत लिहाल का? त्यांनी लिहिलं. दोन महिन्यांत त्यांच्या वहीत अकरा घरं झाली. त्यातल्या सात घरांत सून, दोन घरांत बायको, एका घरात नवरा, आणि एका घरात आठवीतली मुलगी.

ती वही घेऊन आम्ही पाच-सहा बायका आणि तो एक नवरा १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला गेलो. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नाचा ५ टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्च करावा लागतो. अकरापैकी सहा घरांत दिव्यांग प्रमाणपत्र असलेली व्यक्ती आहे. दर वर्षी मार्चअखेरीस त्या पैशातून वस्तू वाटल्या जातात. आम्ही अर्ज दिला की या वर्षी वस्तू नकोत. गावातल्या दोन बायकांना तालुक्याला पाठवून शिकवा, त्यांना रास्त मजुरी द्या, आणि त्या प्रत्येक घरी आठवड्यातून एक दुपार येऊ देत. अर्ज वहिनीनं लिहिला होता, पतसंस्थेत लिहायची तशा स्वच्छ अक्षरात. विरोध कोणीच केला नाही. ग्रामसेवकांनी अर्ज दोनदा वाचला, चांगला आहे म्हणाले, आणि मग वहीत बराच वेळ शोधून म्हणाले की याला लेखाशीर्ष सापडत नाही, वर विचारतो. अर्जाची पोच वहिनीच्या कपाटात आहे, डायपरच्या जुन्या बिलांशेजारी. पुढच्या ग्रामसभेला आम्ही ती घेऊन परत जाणार आहोत.